सावकाशीची वीज

कपडे धुण्याचं यंत्र मरतं तेव्हा बहुतेक वेळा त्याची मोटार जिवंत असते. बोर्ड जळतो, ड्रमच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून खरखर सुरू होते, दाराचं रबर फाटतं. दुरुस्तीचा आकडा ऐकून घरातलं कुणीतरी म्हणतं, राहू दे, आता नवंच घेऊ. यंत्र टेम्पोत चढतं आणि अजून कितीतरी वर्षं फिरू शकणारी मोटार काहीही न बिघडता भंगारात जाते. तिथे तिच्यावर हातोडा पडतो. तांबं एका ढिगात, लोखंड दुसऱ्या ढिगात, चुंबकाचे तुकडे चिखलात. तांब्याला किलोमागे भाव मिळतो. पण त्या तांब्याची जी मांडणी कुणीतरी वर्षानुवर्षं डोकं लावून ठरवलेली असते, तिला भाव नाही. ती पहिल्याच घावाला जाते, आणि मला राहून राहून वाईट वाटतं ते तिचं.

सगळ्याच मोटारींबद्दल मी हे म्हणत नाही. आपल्याकडे घरोघरी असलेल्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात साधी इंडक्शन मोटार असते. तिच्यात कायमचं चुंबक नसतं. बाहेरून वीज मिळाली तरच तिच्यात चुंबकत्व जागं होतं, त्यामुळे नुसती फिरवून ती काही देत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या फ्रंट लोड यंत्रांत कार्बन ब्रश असलेली छोटी मोटार असते. ती मिनिटाला दहा हजारांच्या पुढे फेरे मारते. वाऱ्याला एवढी घाई कधीच नसते. पवनचक्कीसाठी जी मोटार लागते ती तिसरीच. ड्रमच्या पाठीला थेट जोडलेली, पट्टा नाही, गिअर नाही, ब्रश नाही. तिचं बाहेरचं चाक उपड्या परातीसारखं असतं, आतल्या कडेला चुंबकं बसवलेली, आणि त्याच्या पोटात तांब्याच्या कॉइल गुंडाळलेले दात गोलाकार उभे. दात जागचे हलत नाहीत, चुंबकं त्यांच्याभोवती फिरतात.

जगभरच्या हौशी कारागिरांचा हात ज्या मोटारीवर बसला, ती न्यूझीलंडची. फिशर अँड पेकेल ही तिथली १९३४ साली सुरू झालेली कंपनी. तिने १९९१मध्ये ‘स्मार्ट ड्राइव्ह’ नावाचं धुलाई यंत्र बाजारात आणलं. जुन्या यंत्रात मोटार एकाच दिशेने फिरायची आणि कपडे उलटसुलट घुसळायला मध्ये गिअरबॉक्स लागायची. इथे मोटारच हळू हळू उलटसुलट डुलू लागली आणि पिळायची वेळ आली की तीच भरधाव सुटू लागली. हळू असतानाही जोर हवा, म्हणून तिला पुष्कळ ध्रुव दिले: कॉइलचे दात ४२ आणि चुंबकाचे ध्रुव ५६. या दोन आकड्यांवर माझं मनापासून प्रेम आहे. ५६ ध्रुव म्हणजे २८ जोड्या. चाकाचा एक फेरा झाला की प्रत्येक कॉइलमधून चुंबकत्वाच्या २८ लाटा जातात. आपल्या घरात येणाऱ्या विजेचे सेकंदाला ५० हेलकावे असतात. तेवढे हेलकावे काढायला चार ध्रुवांच्या साध्या जनित्राला मिनिटाला १५०० फेरे मारावे लागतात. या मोटारीला १०७ पुरतात.

या मोटारीतून उलट वीज काढता येते हे न्यूझीलंडला सापडणं स्वाभाविक होतं. दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशाच्या आसपास वारे जमिनीचा फारसा अडथळा न येता समुद्रावरून सुसाटत येतात आणि हा देश थेट त्यांच्या वाटेत उभा आहे. वायरच्या खांबांपासून दूर असलेली मेंढरांची कुरणं, हाताशी असेल त्यातून काम भागवायची शेतकऱ्याची सवय, आणि दर वर्षी भंगारात येणारी ही यंत्रं. मोटारी डोलकाठीवर चढल्या. काही ओढ्यांत उतरल्या: तारानाकी भागातल्या इकोइनोव्हेशन या कंपनीने जुन्या स्मार्ट ड्राइव्ह मोटारी लहान जलविद्युत चक्क्यांमध्ये बसवून त्या विकायला काढल्या. एकच वस्तू आधी पाण्यात कपडे घुसळणार, मग पाण्याकडून किंवा वाऱ्याकडून स्वतः घुसळून घेणार.

आमचं घर सातारा जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या जिथून दिसतात त्या पठाराच्या कडेला आहे. स्मार्ट ड्राइव्ह इकडे क्वचितच दिसते, पण त्याच घराण्यातली थेट जोडणीची मोटार कोरियन बनावटीच्या फ्रंट लोड यंत्रांत असते आणि ती आता आपल्या भंगारातही येऊ लागली आहे. आमच्या बाजूच्या भंगारवाल्या चाचांकडे ती मला दिसली तेव्हा ते शेजारच्या पोराला छिन्नी आणायला सांगत होते.

“चाचा, ही फोडू नका. अशीच द्या.”

“अशीच? ह्यात तांबं किती निघंल त्यावर भाव असतो, सर. अशी घेतली तर लोखंडासकट वजन धरावं लागंल.”

“धरा. चुंबकं तुटायला नकोत.”

“तुमी ह्याचं करनार काय?”

मी सांगितलं. त्यांनी चाक हातात घेऊन फिरवलं, ते अडखळत अडखळत फिरलं, आणि ते म्हणाले, “ही तर आतनं धरतीया.” पहिल्याच हाताला त्यांना नेमकं कळलं होतं. लोखंडाचे दात आणि चुंबकं एकमेकांना ओढून धरतात, चाक खाचेत बसतं, सुटतं, पुढच्या खाचेत बसतं. धुताना याचा त्रास होत नाही. मंद वाऱ्यात मात्र पाती या पहिल्या खाचेतूनच बाहेर पडत नाहीत. त्यावर उपाय कानशीचा. प्रत्येक दाताची धार थोडी थोडी घासून तिरपी करायची, म्हणजे चुंबक दाताला एकदम सोडत नाही, ओघाने सोडतं. हे काम फार संथ आहे आणि मला ते फार आवडलं. कॉइलला धक्का लागू द्यायचा नाही, लोखंडाचा कीस आत जाऊ द्यायचा नाही, आणि चुंबकाजवळ तर अजिबात नाही, कारण तिथे एकदा चिकटलेला कीस निघता निघत नाही.

मग कॉइलची जोडणी. स्मार्ट ड्राइव्हचेच आकडे घेऊ, म्हणजे समजायला सोपं. ४२ दात तीन फेजमध्ये वाटले की प्रत्येकीला १४ कॉइल येतात आणि कारखान्यात त्या एकामागोमाग एक, मालिकेत जोडलेल्या असतात. त्यामुळे चाक थोडं जोरात फिरलं तरी व्होल्ट शेकड्यांत जातात आणि करंट बारीक राहतो. बॅटरीला उलटं हवं असतं: थोडे व्होल्ट, जास्त करंट. म्हणून मालिका तोडायची. १४ कॉइलच्या दोन-दोनाच्या सात जोड्या करून त्या समांतर जोडता येतात किंवा सात-सातचे दोन गट करता येतात. बॅटरी १२ व्होल्टची, २४ची की ४८ची, आणि वारा किती, यावर ते ठरतं. तीच तार, तेच लोखंड, तीच चुंबकं, फक्त कोण कुणाचा हात धरणार ते बदललं. आपल्या गावागावांतल्या वाइंडिंगच्या दुकानांत पंप भरणारी मुलं हे काम डोळे मिटून करतील. आमच्या कामाला जो मुलगा आला होता त्याने जोडणीचा कागद एकदा पाहिला, मग तो उलटा ठेवून दिला. काही मोटारींत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. तिला साधं सोल्डर धरत नाही हेही त्यानेच सांगितलं आणि जोड दाबून बसवायची नळी खिशातून काढली.

जोडणी झाली की मोटार लगेच खांबावर चढवू नये. आधी ती घट्ट पकडीत बसवावी आणि हाताने फिरवावी. तिन्ही तारा मोकळ्या ठेवल्या तर घासलेल्या दातांवरून चाक सहज फिरतं. दोन तारांमध्ये छोटा बल्ब जोडला की हाताला ओझं लागतं. बल्ब मोठा करत न्या, ओझं वाढत जातं. शेवटी तिन्ही तारा एकत्र पिळा आणि फिरवून बघा. चाक तुमच्याशी भांडतं. जितक्या जोराने ढकलाल तितक्या जोराने ते नाही म्हणतं, आणि ढकलणं थांबवलंत की तेही लगेच थांबतं. मायकेल फॅरडेने १८३१मध्ये फिरत्या चुंबकत्वातून वीज काढली आणि तीनच वर्षांनी लेन्झने या विरोधाचा नियम सांगितला. शाळेत आपण तो नियम पाठ करतो. मनगटात तो कळला की मग मात्र विसरता येत नाही. वीज काढणं म्हणजे काहीतरी ओढणं आहे आणि ओढणाऱ्याला ते जड जातं. दंड भरून येईपर्यंत फिरवून मला जो प्रकाश मिळाला त्याच्या कितीतरी पट, दोन हजार वॅट, आपल्या न्हाणीघरातला गीझर एक बटण दाबल्यावर घेतो. ते बटण दाबताना कुठेतरी कुणालातरी ढकलावं लागतंच. कोयनेचं पाणी ढकलतं, कोळशाची वाफ ढकलते. आपल्या हाताला लागत नाही एवढंच.

ही जुनीच ओढाताण आहे. स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावात जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकाने १८८७मध्ये आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की उभारली, बॅटऱ्या भरल्या आणि घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या मुख्य रस्त्यावरच्या दिव्यांसाठी देतो म्हणाला. लोकांनी ती सैतानाची करणी म्हणून नाकारली. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रश याने आपल्या बंगल्यामागे चक्की उभी केली. १७ मीटर व्यासाचं चाक, त्याला देवदाराच्या जातीतल्या लाकडाची १४४ पाती. एवढं अवाढव्य चाक वाऱ्याच्या चालीने मिनिटाला जेमतेम दहा फेरे घ्यायचं आणि डायनामोला पाचशे हवे असायचे. मधला पन्नासपट फरक भरून काढायला पट्टे आणि कप्प्यांचा संसार मांडावा लागला. त्या चक्कीने सुमारे वीस वर्षं काम केलं. ब्रशची चिकाटी मोठीच, पण त्या पट्ट्यांची गोष्ट वाचताना माझ्या मनात येतं, त्याच्या तळघरात एक ५६ ध्रुवांचं चाक कुणी नेऊन ठेवलं असतं तर. सावकाश फिरणाऱ्याला वेगवान करण्याऐवजी सावकाशीतूनच वीज काढायची ही युक्ती पुढे मोठ्यांनीही उचलली. जर्मनीच्या एनरकॉन कंपनीने १९९०च्या दशकात गिअर नसलेल्या, पुष्कळ ध्रुवांच्या पवनचक्क्या बाजारात आणल्या. त्या प्रचंड मनोऱ्यांच्या डोक्यात आणि कपड्यांच्या यंत्राच्या पाठीत एकच कल्पना बसलेली आहे.

वाऱ्याचा हिशेब मात्र निष्ठुर आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. वारा दुप्पट झाला तर त्याच्यातली शक्ती आठपट होते. वारा निम्मा झाला तर ती आठव्या हिश्शावर येते. त्यातली सगळी घेता येत नाही: आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं की कितीही चांगली चक्की असली तरी ५९.३ टक्क्यांच्या वर काही हाती येणार नाही, कारण सगळा जोर काढून घेतला तर वारा पात्यांच्या मागे साचून राहील आणि पुढच्याला वाटच मिळणार नाही. घरगुती चक्कीला पाव हिस्सा मिळाला तरी चांगलं म्हणायचं. दोन मीटर व्यासाची पाती, सेकंदाला चार मीटरचा वारा, पठारावरची जराशी विरळ हवा: हाती येतात पंचवीस-तीस वॅट. दोन-तीन एलईडी दिवे. वारा आठ मीटरचा झाला की तीच पाती दोनशेच्या पुढे देतात. दोन्ही वेळा ती मिनिटाला काही शे फेरेच मारत असतात, म्हणजे या मोटारीच्या अगदी सोयीच्या चालीत. म्हणून चाक थेट तिच्या आसावर बसतं. मध्ये काही नाही.

सूर्याचं पॅनेल स्वस्त पडतं, त्याला हलणारा भाग नाही आणि वर्षातले सात-आठ महिने ते चक्कीपेक्षा भरवशाचं आहे, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सखल गावात, झाडीत, इमारतींच्या दाटीत चक्की लावूच नये. आसपासच्या शंभरेक मीटरमधल्या सगळ्यात उंच वस्तूच्याही वर दहा मीटर गेल्याशिवाय वारा सरळ मिळत नाही, आणि गच्चीवर बसवलेली चक्की वीज कमी देते आणि भिंतीच जास्त हलवते. पण आमच्याकडे मृग लागला की सूर्य कुठे असतो? आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. तरण्या पावसात आणि म्हाताऱ्या पावसात आठ-आठ दिवस ढग अंगणात उतरलेले असतात, पॅनेलवर शेवाळ धरतं आणि लाइट जाते ती कधी दुसऱ्या दिवशी येते. नेमका त्याच दिवसांत पश्चिमेचा वारा घाट चढून पठारावर येतो आणि थांबत नाही. सातारच्या मोठ्या पवनचक्क्यांचं सुगीचं पीकही तेच. मघा-पूर्वा गेल्या की वारा मवाळ होतो, हस्ताला तर पाती उगाच इकडे तिकडे तोंड फिरवत राहतात, आणि तोवर ऊन परत आलेलं असतं. दोघांनी वर्ष वाटून घेतलंय. त्या ओल्या, काळ्या आठवड्यांसाठी मला चक्की हवी होती. आईच्या श्वासाचं यंत्र रात्री चालू राहायला हवं असतं.

म्हणून वादळाचा विचार सगळ्यात आधी केला. बॅटरी भरली आणि चक्कीवरचा भार काढून घेतला तर ती मोकाट सुटते, पाती तुटून कुठेही जाऊ शकतात. तिला नेहमी काहीतरी ओढायला द्यावं लागतं. बॅटरी भरल्यावर वीज आपोआप एका हीटरच्या कॉइलकडे वळते. त्या कॉइलवर पावसाळ्यात ओले कपडे वाळतात. शेपूट बिजागरीवर तिरपं बसवलं आहे. वारा फार झाला की चक्की त्याच्याकडून तोंड वळवून घेते. आणि खाली, हाताशी, एक जाड स्विच: तिन्ही तारा एकमेकींना जोडणारा. पकडीत बसवून फिरवताना जो विरोध मनगटाला लागला होता तोच इथे ब्रेक होतो. वेग फार वाढण्याआधी तो ओढायचा असतो. घोंगावणारी पाती एखाद-दोन श्वासांत मंदावतात आणि मग वादळ कितीही आपटलं तरी हळूहळू, जडपणे वळत राहतात. आई हा स्विच स्वतः ओढते. “वारं फिरलं रे,” म्हणते आणि छत्री घेऊन जाते. आभाळातला बदल तिला माझ्याआधी कळतो.

पाती शिवणीच्या लाकडाची आहेत. सुतारकाकांनी बुंध्याशी रुंद आणि तिरपी, टोकाशी अरुंद आणि जवळजवळ सपाट कोरली, कारण टोक बुंध्यापेक्षा कितीतरी वेगाने हवा कापत जातं आणि त्याला तिरपेपणा सोसत नाही. तिन्हींचं वजन जुळवायला त्यांनी दुपारभर रंध्याचा एक एक पापुद्रा काढला. पावसाचे थेंब त्या वेगात लाकडाची धार खातात. म्हणून धारेवर चिकटपट्टी लागते आणि ती दर उन्हाळ्यात बदलावी लागते.

मला वाटतं ते एवढंच, की या मोटारी न फोडता काढण्याची सोय व्हावी. आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना नव्या मोटारीचं चित्र दाखवण्याऐवजी ही एक टेबलावर द्यावी, तारा पिळून चाक फिरवायला लावावं. भंगाराच्या दुकानात तांब्याच्या भावाशेजारी अख्ख्या मोटारीचा भाव लिहिलेला असावा, आणि तो जास्त असावा. मांडणीला किंमत आली की हातोडा आपोआप थांबेल. दुरुस्ती करणाऱ्यांनी मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढून ती वेगळी ठेवली तरी पुरे. तिला तेल लागत नाही, ती खायला मागत नाही, कोपऱ्यात दहा वर्षं पडून राहिली तरी चुंबकं तशीच असतात.

खालच्या वस्तीतल्या एका दादांना गोठ्यासाठी एक हवी आहे. त्यांच्या म्हशी पहाटे व्यायला लागल्या की कंदील धरायला माणूस मिळत नाही. जागा पाहून आलो. पूर्वेला टेकाड आडवं येतं, पण त्याने बिघडत नाही, आपला वारा पश्चिमेचा. आंब्यापासून लांब, बांधाच्या टोकाला खांब घ्यावा लागेल, ताणाच्या तारांना तिथे कातळ लागतो हे बरं. केबल थोडी लांब पडते, म्हणून त्यांची मोटार ४८ व्होल्टला जोडायची, म्हणजे तारेत कमी वाया जाईल. चाचांनी एक बाजूला काढून ठेवली आहे. तिच्या बेअरिंगला गंज आहे, बाकी दात शाबूत आहेत. कानस घेऊन बसायला वैशाखाचा अख्खा महिना आहे.